भुलेखालचा रुग्ण आणि शिकणारे हात: परवानगी विचारायची कुणी, कधी, कशी?

शरयूतीर

मी एका अध्यापन रुग्णालयात स्त्रीरोग विभागात शिकवते. आमच्याकडे सध्या एका मुद्द्यावर बराच खल चालू आहे. तो इथे मांडते, कारण इथे डॉक्टर आहेत, विद्यार्थी आहेत, वकील आहेत आणि रुग्ण म्हणून टेबलावर झोपलेली माणसंही आहेत. आमच्या मीटिंगला ही शेवटची मंडळी कधीच नसतात.

शस्त्रक्रियेसाठी बाई टेबलावर आहेत. भूल चढलेली आहे. आतून तपासणी, म्हणजे आम्ही जिला पीव्ही म्हणतो ती, शिकायला याहून सोयीची वेळ नाही. पोट सैल असतं, रुग्ण अंग आवळून घेत नाही, गर्भाशयाचा आकार, गाठ, सगळं बोटांना नीट लागतं. बाजूला चार-पाच विद्यार्थी ग्लोव्ह्ज घालून उभे असतात. "चला, एकेकानं बघून घ्या." पहिला बघतो, बाजूला होतो. दुसरी पुढे येते. चादर वर केलेली तशीच असते. काही मिनिटांत आटोपतं, मग ड्रेपिंग, म्हणजे निर्जंतुक कापडं अंथरणं, होऊन शस्त्रक्रिया सुरू होते. केसपेपरवर याची एक ओळही नसते.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाईंना आदल्या दिवशी, पूर्ण शुद्धीत असताना, याबद्दल वेगळं विचारलेलं नसेल तर ही तपासणी होता कामा नये. केस कितीही चांगली असो. आणि अशी परवानगी कशी मागायची हे विद्यार्थ्याला वॉर्डात, खाटेपाशी, टाके घालायला शिकवतो तितक्याच गांभीर्यानं शिकवायला हवं.

नीतिमत्तेचे तास आता बहुतेक ठिकाणी आहेत. भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात एटकॉम आलं: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं, न्याय, ही चार तत्त्वं मुलं घडाघडा म्हणतात. पण सकाळी स्वायत्ततेवर टिपण लिहिलेला मुलगा दुपारी ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, त्या रांगेत उभा राहतो, आणि रांगेत जे शिकतो तेच त्याच्या अंगात भिनतं. फिलाडेल्फियातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांवर झालेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला म्हणूनच फार बोचतो. भुलेखालच्या स्त्रीला विद्यार्थी तपासणार हे तिला आधी सांगणं किती महत्त्वाचं, असं त्यात विचारलं होतं. ज्यांची स्त्रीरोग विभागातली टर्म झाली होती त्यांना ते टर्म न झालेल्यांपेक्षा कमी महत्त्वाचं वाटत होतं. माझ्याच विषयाच्या विभागात येऊन मुलांची चाड कमी झाली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुमची मतं हवी आहेत. विरोधातली तर आवर्जून.

लॉगबुक_अपूर्ण

मॅडम, विद्यार्थी म्हणून लिहितो. आम्हाला हे खटकत नाही असं समजू नका. पहिल्या वेळी खटकतंच. पण तेव्हा समोर सर असतात, मागे पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर, असतात आणि इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात असतात. "सर, पेशंटला विचारलंय का?" एवढं वाक्य ओटीत तोंडातून काढायला काय लागतं हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मग आपणच आपली समजूत घालतो: त्यांना कळत नाहीये, दुखत नाहीये, आपण शिकलो तर पुढे कितीतरी जणींचा फायदा होईल. दोन-तीन वेळा झालं की समजूत घालावीही लागत नाही.

आणखी एक. राउंडला आमची ओळख "हे आमचे डॉक्टर, जरा तपासतील" अशी करून देतात. समोरच्या आजी लगेच "बघा हो डॉक्टर" म्हणून पदर बाजूला करतात. मी डॉक्टर नाही. त्यांना ते माहीत असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही.

जुना_टाका

शस्त्रक्रिया करण्यात आणि शिकवण्यात हयात गेली, आता निवृत्त आहे. विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो.

गुदाशयाचे कर्करोग मी उशिरा सापडलेले पाहिले आहेत. बोटाला सहज लागेल अशी गाठ, आणि आधीच्या डॉक्टरनं मूळव्याध म्हणून महिनोन् महिने मलम दिलेलं. का? तर बोट घालून तपासायची सवयच नाही. ती सवय विद्यार्थिदशेत लागते, नाहीतर लागत नाही. अध्यापन रुग्णालयात येणाऱ्याला तिथे विद्यार्थी असतात हे ठाऊक असतं, भरती होताना तो सही करतो. प्रत्येक स्पर्शासाठी वेगळं विचारत बसलो तर कितीतरी जण घाबरून नाही म्हणतील आणि आपण पुस्तकी डॉक्टर बाहेर सोडू. त्यांच्या हाती सापडणाऱ्या रुग्णाचा विचार कोण करणार? मॅडमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण ही दुसरी बाजू हलकी समजू नका.

काळा_कोट

सर, तुमचा मुद्दा हलका मुळीच नाही. पण "तो सही करतो" यावर वकील म्हणून थांबावं लागेल.

कायद्यापुढे इथे दोन वेगळे प्रश्न असतात. हलगर्जीपणामुळे इजा झाली का, हा एक. संमतीविना शरीराला हात लावला का, हा दुसरा, आणि त्यात इजा झालेली असावीच लागत नाही. त्यामुळे "पेशंटला काही त्रास तर झाला नाही ना" हा बचाव दुसऱ्या प्रश्नापुढे उभाच राहत नाही.

संमतीच्या कायद्यात ज्याचा दाखला सतत दिला जातो तो न्यूयॉर्कचा १९१४ चा श्लोएनडॉर्फ खटला भुलेखालच्या तपासणीवरूनच उभा राहिला होता. बाईंचं म्हणणं असं की त्यांनी ईथरची भूल देऊन गाठ तपासण्यापुरतीच परवानगी दिली होती, शस्त्रक्रिया नको असं स्पष्ट सांगितलं होतं. डॉक्टरांनी गाठ काढून टाकली. सज्ञान आणि शुद्ध बुद्धीच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्यात लिहिलं. बाई मात्र हरल्या, कारण दावा रुग्णालयावर होता आणि धर्मादाय रुग्णालयांना त्या काळी संरक्षण होतं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली निकाल २००८ चा. दुर्बिणीनं तपासणी करायची म्हणून भूल दिली होती. रुग्ण बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. रुग्ण ४४ वर्षांची, सज्ञान, आणि जीव वाचवण्यासाठी तातडीनं काही करावं अशी स्थिती नाही. न्यायालय म्हणालं, आईची संमती इथे चालणार नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. रुग्णाला किती माहिती द्यायची या बाबतीत त्याच निकालात न्यायालयानं डॉक्टरांच्या प्रचलित पद्धतीला बरंच झुकतं माप दिलं, तेही सांगायला हवं. ब्रिटननं १९५७ च्या बोलम खटल्यापासून तोच मापदंड धरला होता आणि २०१५ च्या माँटगोमेरी निकालात माहितीपुरता तो सोडला. आता तिथे बघतात की या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला कोणती गोष्ट महत्त्वाची वाटली असती.

पाच परके लोक आपली आतून तपासणी करणार, तीही आपल्या उपचारासाठी नाही, ही गोष्ट कुणाला बिनमहत्त्वाची वाटेल? उपचारासाठी एका सहीनं दिलेल्या संमतीत ही तपासणी बसवता येईल असं मला वाटत नाही.

अबोली

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझी एक शस्त्रक्रिया झाली होती. कुठे ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी ड्रेसिंगच्या वेळी आली. स्वभावानं फार गोड मुलगी. बोलता बोलता म्हणाली, "तुमची गाठ आम्हाला सगळ्यांना लागली, सरांनी प्रत्येकाला दाखवली." तिला वाटलं, मला आनंद होईल.

मी शांतपणे विचारलं, सगळ्यांना म्हणजे? तिनं सांगितलं.

लोक म्हणतात की विचारलं तर बहुतेक बायका हो म्हणतात. म्हणत असतील. मी नाही म्हटलं असतं. मला काही वाईट अनुभव आहेत, ते इथे सांगण्याची गरज नाही आणि डॉक्टरांनाही सांगण्याची गरज नसावी. मी पुढच्या तपासण्यांना तिथे गेले नाही. दुसरीकडे जायलाही बरेच महिने लागले. त्या काळात काही बिनसलं असतं तर माझ्या फाइलवर "रुग्ण फॉलोअपला आला नाही" एवढंच लिहिलं गेलं असतं.

सांजवेळ

अबोलीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी पॅथॉलॉजीत आहे, रुग्णाशी थेट संबंध कमी येतो. तुमची शेवटची ओळ मी आमच्या सहकाऱ्यांना वाचून दाखवली.

शरयूतीर

अबोलीताई, तुमचं "नाही" कारण न विचारता मान्य व्हायला हवं होतं. विचारणं खरं आहे की नुसती औपचारिकता, हे नकाराचं काय होतं त्यावरून कळतं. नकार दिलेल्या रुग्णाशी राउंडला युनिटचा सूर बदलला, तर पुढच्या खाटेवरची बाई ते ऐकते आणि हो म्हणते. तो होकार मी होकार धरणार नाही.

जुना_टाका सर, तुमच्या उदाहरणाशी मी पूर्ण सहमत आहे. तपासायला न शिकलेला डॉक्टर धोकादायकच. पण एक फरक करून बघू या. शस्त्रक्रियेत सहभागी असलेली पीजी सर्जनबरोबर तपासते, कारण गाठीची हालचाल बघून छेद कुठे घ्यायचा ते ठरायचं असतं. हा उपचाराचा भाग आहे आणि टीममध्ये शिकाऊ डॉक्टर असतील हे रुग्णाला सांगितलेलं असलं की पुरे. त्यानंतर ज्या चौघांनी बघितलं त्यांच्या बघण्यानं या बाईंच्या शस्त्रक्रियेत तसूभरही फरक पडणार नव्हता. तिथे बाई आपल्याला काहीतरी देतात. देणाऱ्याला न विचारता घेतलेल्या गोष्टीला आपण एरवी काय म्हणतो, ते तुम्हाला सांगायला नको.

न्यूझीलंडचा इतिहास वाचण्यासारखा आहे. तिथल्या नॅशनल विमेन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतल्या स्त्रियांना पूर्ण उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी एका मासिकात ते उघड केलं. न्यायाधीश सिल्विया कार्टराइट यांनी चौकशी केली, १९८८ मध्ये अहवाल आला. चौकशी त्या संशोधनाची होती, पण खोदता खोदता विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी भुलेखालच्या स्त्रियांची न विचारता तपासणी होते हेही बाहेर आलं. त्यातून १९९६ ची रुग्णहक्क संहिता आली. तिच्यात उपचारातले हक्क अध्यापनालाही लागू आहेत असं स्वतंत्र कलम आहे. तिथले डॉक्टर त्यानंतरही तयार होतच आहेत.

अमेरिकेत काही राज्यांनी आधी कायदे केले, आणि १ एप्रिल २०२४ ला केंद्रीय आरोग्य खात्यानं रुग्णालयांना सांगितलं की भुलेखाली विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या स्तन, योनी, गुदद्वार, प्रोस्टेट अशा तपासण्यांसाठी लेखी संमती हवी. म्हणजे पुरुष रुग्णही यात आलेच.

रात्रपाळी

लेबर रूमला बरीच वर्षं सिस्टर आहे. तुम्ही सगळे भुलेखालच्या बाईबद्दल बोलताय. लेबर रूममधली बाई जागी असते, तरी तिला कोण विचारतं? कळा चालू आहेत, पाय वर घेतलेत, एक इंटर्न बघतो, मग पीजी बघते, मग विद्यार्थ्याला म्हणतात "किती सेंटिमीटर वाटतंय सांग". बाई आमच्याकडे बघते. ती नाही म्हणण्याच्या अवस्थेत नसते.

यात नुसता मान-अपमान नाही. पाणी गेल्यावर जितक्या वेळा आतून तपासाल तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे प्रत्येक नर्सिंगच्या पुस्तकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत सुरळीत चाललेल्या कळांमध्ये चार-चार तासांनी तपासणी सांगितली आहे, आणि एकाच वेळी अनेकांनी तपासणं टाळा असंही. आमच्याकडे मी एक करते. कोण तपासतंय, कितव्यांदा, हे पार्टोग्राफच्या, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या तक्त्याच्या, कडेला लिहिते आणि मोठ्यानं सांगते. चौथं नाव लिहायची वेळ आली की बहुतेक वेळा डॉक्टर स्वतःच म्हणतात, राहू दे आता.

भूलतज्ज्ञ

सिस्टरांनी केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लिहिलं गेलं की गोष्ट दिसायला लागते. ओटीत यासाठी जागा आधीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी आपण सगळे वापरतो. तिचा पहिला टप्पा भूल देण्याआधीचा, रुग्ण शुद्धीत असतानाचा. नाव, जागा, शस्त्रक्रिया, संमती हे रुग्णाकडून पक्कं करून घेतो. त्यात एक ओळ वाढवायची: विद्यार्थ्यांनी तपासण्याला परवानगी आहे का, असल्यास कितींना. परवानगी तिथे पहिल्यांदा विचारायची नाही. गार टेबलावर, हातात सलाइन, वर दिवा, अशा वेळी माणूस कशालाही मान हलवतो. आदल्या दिवशी झालेलं बोलणं तिथे फक्त मोठ्यानं वाचायचं.

याचा फायदा लॉगबुक_अपूर्ण यांना होईल. प्रश्न विद्यार्थ्यानं उभा करायची वेळच येणार नाही, यादी उभा करेल. आणि भूल दिल्यावर रुग्णाच्या डोक्याशी मी असतो. "परवानगी नाही" असं वाचलं गेलं असेल तर थांबवणं माझं काम आहे, ते मी सर्जनशी असलेल्या मैत्रीखातर सोडणार नाही.

मोबाइलवर काढलेले केसचे फोटो युनिटच्या ग्रुपवर टाकणं, हाही याच जातीचा प्रकार आहे. त्यावर वेगळा धागा हवा.

जुना_टाका

सगळं वाचलं. सिस्टरांचा आणि अबोलीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. उपचारासाठीची तपासणी आणि निव्वळ शिकण्यासाठीची तपासणी यातला फरक मला मान्य आहे. चार-पाच जणांची रांग लावण्यानं कुणी फारसं शिकत नाही हेही मान्य. घाईत बोट फिरवून बाजूला होतात, काय लागलं ते विचारलं तर गप्प.

माझा प्रश्न तरीही उरतो. नकार वाढले तर हात कुठे बसवायचा?

शरयूतीर

सर, त्याची वाट लोकांनी फार आधी काढली आहे. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये प्रशिक्षित व्यक्तींना रुग्णाच्या भूमिकेत बसवून शिकवायला सुरुवात केली. आयोवा विद्यापीठात रॉबर्ट क्रेट्झश्मार यांनी १९६८ मध्ये स्त्रीरोग तपासणीसाठी तसाच प्रयोग केला, आणि त्यातून पुढे अशा स्त्रिया तयार झाल्या ज्या स्वतःच्या शरीरावर तपासणी शिकवतात. विद्यार्थ्याचा हात चुकला की त्या तिथल्या तिथे सांगतात: इथे दुखतंय, स्पेक्युलम (आत बघायचं उपकरण) असा फिरवू नकोस, आधी मला सांग मग हात लाव. भुलेखालचा रुग्ण नेमकं हेच शिकवू शकत नाही. सैल पोटात गाठ ओळखता येईल, पण घाबरलेल्या, अंग आवळलेल्या बाईला सैल कसं करायचं ते कळणार नाही, आणि पुढे ओपीडीत सगळ्या रुग्ण तशाच येणार आहेत.

मॉडेलवर आधी सराव, मग अशा शिक्षिका, मग परवानगी दिलेला रुग्ण आणि एका वेळी एकच विद्यार्थी. खर्च येतो, वेळ लागतो. दोन्ही महाविद्यालयानं द्यायला हवेत. आज ती किंमत रुग्ण न विचारता मोजतोय.

मूल्यमापनाचंही बोलायला हवं. लॉगबुकात "पीव्ही केली" अशा नोंदी मोजतो, परवानगी कशी मागितली ते कुणी बघत नाही. पापाडाकिस यांचा २००५ चा अमेरिकेतला अभ्यास तुम्ही वाचला असेल. वैद्यकीय मंडळांनी ज्यांच्यावर कारवाई केली त्या डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या फाइलींत गैरवर्तनाच्या नोंदी असण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं. वागण्याकडे आपण तेव्हाच बघायला हवं, आणि शिक्षकांच्या वागण्याकडे त्याहून आधी.

लॉगबुक_अपूर्ण

मॅडम, नेमकं काय बोलायचं ते लिहाल का? आम्हाला संमतीची व्याख्या पाठ आहे, वाक्यं येत नाहीत.

शरयूतीर

आम्ही सध्या हे वापरून बघतोय. आदल्या दिवशी दुपारी, पडदा ओढून, खुर्चीवर बसून. सोबत युनिटचे डॉक्टर, पण बोलायचं विद्यार्थ्यानं:

"नमस्कार, मी वैद्यकीय विद्यार्थी आहे, अजून डॉक्टर झालेलो नाही. उद्या तुम्हाला भूल दिल्यावर, शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी, मला तुमची आतून तपासणी करून गाठ कशी लागते ते शिकायचं आहे. त्याची तुमच्या उपचाराला गरज नाही, ती मला शिकण्यासाठी हवी आहे. मॅडम शेजारी असतील, विद्यार्थी मी एकटाच असेन. तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्या शस्त्रक्रियेत काहीही बदलणार नाही. आत्ता लगेच सांगायला हवं असं नाही, संध्याकाळी सिस्टरांना सांगितलंत तरी चालेल."

मग उठून जायचं. उत्तराची वाट बघत खाटेपाशी उभं राहायचं नाही.

काळा_कोट

चांगलं आहे. विद्यार्थ्याचं नाव, दिवस आणि उत्तर केसपेपरवर यायला हवं, उपचाराच्या संमतीपत्रापासून वेगळ्या कागदावर. अल्पवयीन रुग्ण आणि स्वतः निर्णय घेऊ न शकणारे रुग्ण यांच्याकडे निव्वळ शिकण्यासाठी जाऊच नका, असं माझं मत. त्यांच्या वतीनं हो म्हणणाऱ्याला त्यांचं हित बघायचं असतं, आणि इथे त्यांचं हित नाहीच.

अबोली

एक सुचवू? "संध्याकाळी सिस्टरांना सांगितलंत तरी चालेल" यात "हो म्हटल्यावर उद्या सकाळी नको वाटलं तरी चालेल" हेही घाला. मला रात्रीतून बऱ्याच गोष्टी नको वाटतात. आणि मी काहीच बोलले नाही तर ते नाही धरा.

शरयूतीर

दोन्ही घातलं. उद्याच्या शस्त्रक्रियांपासून तसंच वापरतो.